काचेतलं न्यूयॉर्क: दिसणं वेगळं, सिद्ध करणं वेगळं

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका सादरीकरणात मी अमेरिकेतल्या काचेच्या फुलदाणीचा फोटो दाखवला आणि ठोकून दिलं, "ही क्रायसलर बिल्डिंगवरून सुचलेली आहे." सरांनी एवढंच विचारलं, "फुलदाणी कधीची? इमारत कधीची?" मी गप्प. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितोय.

ती फुलदाणी 'रुबा रोम्बिक' या मालिकेतली. पेनसिल्व्हेनियातल्या कन्सॉलिडेटेड लॅम्प अँड ग्लास कंपनीसाठी रूबेन हेली यांनी ही मालिका घडवली आणि १९२८ मध्ये ती बाजारात आली. क्रायसलर बिल्डिंग पूर्ण झाली १९३० मध्ये. माझा दावा तारखेवरच आपटला!

मग शहराचा काही संबंधच नाही का? थांबा. रस्त्यावर उजेड आणि वारा यावा म्हणून न्यूयॉर्कने १९१६ मध्ये नियम केला: ठराविक उंचीनंतर इमारत मागे सरकवत न्यायची. त्यामुळे पुढच्या दशकात पायऱ्यापायऱ्यांचे टॉवर उभे राहिले. म्हणजे 'अमुक इमारत' नाही, पण 'त्या काळचं शहर' हा दावा तारखेत बसतो. पण बसतो म्हणजे सिद्ध झाला, असं नाही. रुबा रोम्बिकला पायऱ्या नाहीत. तिला आहेत तिरके, वेडेवाकडे पैलू, आणि ते क्युबिस्ट चित्रांशी जास्त जुळतात.

आता दुसरं उदाहरण बघा. अँकर हॉकिंग कंपनीने १९३८ पासून काढलेली काचेची स्वस्त भांडी 'मॅनहॅटन' नावाने ओळखली जातात. नावातच शहर! पण या भांड्यांवर आडव्या कडा आहेत, आणि तिथल्या नावाजलेल्या उंच इमारतींचा भर उभ्या रेषांवर. शिवाय साच्यात दाबून केलेल्या काचेवर सांध्याच्या खुणा आणि बारीक दोष राहतात. नक्षीमुळे ते चटकन दिसत नाहीत. म्हणजे कडांमागे कारखान्यातलं साधं कारणही असू शकतं. नाव कोणी आणि का दिलं हे तपासल्याशिवाय ते पुरावा ठरत नाही.

म्हणून 'वरून प्रेरित' लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. तारीख जुळते का? हेच रूप दुसऱ्या कारणाने आलं असेल का? आणि घडवणाऱ्याचं एखादं पत्र, रेखाटन किंवा त्या काळची जाहिरात तसं सांगते का?

तिसऱ्याचं उत्तर हाती नसेल, तर फक्त 'साम्य दिसतं' एवढंच लिहा. वाक्य छोटं होईल, पण कुणी प्रश्न विचारला तर तुम्ही गप्प बसणार नाही.