काळ्या दगडाची तांबडी रेघ

वेंगुर्ल्याला आमच्या आजोळी आजी वृंदावनासाठी गेरू कालवायला बसली, की दिवाळी घरात शिरली असे आम्ही मुले समजत असू. १९६२ सालच्या दिवाळीत डिचोलीच्या खाणीवर नोकरी करणारे मामा आले आणि त्यांनी पोलादी काळ्या रंगाचा एक दगड माझ्या हातावर ठेवला. दगड मुठीएवढा, पण जड केवढा! पाण्याच्या जवळजवळ पाचपट.

“ह्यात लोखंड आसा,” मामा म्हणाले. माझा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी बशी पालथी करून तिच्या बुडाच्या खरखरीत कडेवर तो दगड ओढला. रेघ उमटली ती तांबडी, रक्तासारखी! आजी वाकून पाहत म्हणाली, “अरे, ह्यो तर आपलो गेरू!”

आजीचे बोलणे शास्त्राला धरूनच होते. या दगडाचे नाव हेमाटाइट. ग्रीक भाषेत ‘हेमा’ म्हणजे रक्त. लोखंड आणि प्राणवायू यांचे हे संयुग. शुद्ध असेल तर शंभर भागांत सत्तर भाग लोखंड. गेरूची लाली याच्याच बारीक कणांची. त्यातल्या लोखंडाने प्राणवायू आधीच पोटभर घेतलेला असतो, म्हणून हा रंग सहसा उडत नाही.

याची साक्ष भीमबेटकाला आहे. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकरांना आगगाडीतून जाताना तिथले विलक्षण खडक दिसले. ते शोधत गेले आणि हजारो वर्षांपूर्वीची तांबडी चित्रे जगापुढे आली. अजिंठ्याच्या भिंतींवरही गेरू आहेच.

आमच्या काळाने मात्र या दगडातला रंग सोडून लोखंड तेवढे पाहिले. १९५०च्या दशकापासून गोव्याचे खनिज बोटी भरभरून जपानच्या भट्ट्यांकडे जाऊ लागले. मामांचा संसार त्यावरच उभा राहिला. त्याला मी नावे कशी ठेवू? पण डोंगर पोखरले गेले, शेतांत तांबडा गाळ उतरला. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी खाणी थांबल्या, आणि कित्येक घरांची मिळकतही.

मामांचा दगड अजून माझ्या टेबलावर आहे. परवा नातीने बशीवर तशीच रेघ ओढली आणि विचारले, “आजोबा, हा डोंगर आता कुठे आहे?”

गुहेतल्या माणसाने चिमूटभर गेरूत हजारो वर्षांची ठेव मागे ठेवली. आम्ही अख्खा डोंगर घेऊन काय ठेवले, हे काही मला तिला सांगता आले नाही.