शोएबुल्ला खान यांचा खून आणि आपली स्मृती

निजामी राजवटीतील हत्यांचा विषय निघाला की आपल्या जुन्या मराठी घराण्यांत पहिला शब्द उच्चारला जातो तो ‘रझाकार’. आदिलाबाद हा त्याच हैदराबाद संस्थानचा जिल्हा. किनवट आणि राजुरा हे तालुकेही १९५६ पर्यंत त्यातच मोडत. त्या काळातील सर्वांत गाजलेला खून मात्र राजधानीत झाला आणि त्यात बळी पडला तो एक मुसलमान संपादक, याचे स्मरण आम्ही येथे मुद्दाम करून देत आहोत.

शोएबुल्ला खान हे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक. संस्थानने भारतात विलीन व्हावे, असे ते निर्भयपणे लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये याच मताच्या काही प्रतिष्ठित मुसलमानांचे निवेदन त्यांनी छापले. त्याच सुमारास रझाकारांचे नेते कासिम रझवी यांनी जाहीर सभेत विरोधकांचे हात छाटण्याची भाषा केली. २१ ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी परतणाऱ्या खान यांना मारेकऱ्यांनी गाठले, गोळ्या घातल्या आणि त्यांचा हात तोडला. सोबत असलेले मेहुणे इस्माईल खान हेही हात गमावून बसले. मृत्युसमयी खान अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

रझवी हे लातूरला वकिली केलेले गृहस्थ. कायदा जाणणाऱ्या माणसाने चिथावणीचा मार्ग धरला, हे त्या काळाचे दुर्दैव. १३ सप्टेंबरला सुरू झालेल्या पोलिस कारवाईनंतर ते पकडले गेले. त्यांना तुरुंगवास घडला तो बिबीनगर दरोड्याच्या खटल्यात. १९५७ मध्ये सुटका होताच ते पाकिस्तानात निघून गेले. लोकस्मृतीत या खुनाशी त्यांचेच नाव जोडलेले राहिले; प्रत्यक्ष वार करणारे हात विस्मरणात गेले.

परंतु विस्मृती एवढ्यावरच थांबत नाही. पोलिस कारवाईनंतर झालेल्या सूडाच्या हत्यांची चौकशी करण्यासाठी नेहरू सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वाधिक होरपळलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपल्या शेजारचे नांदेड. हा अहवाल अभ्यासकांना खुला होण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

रझाकारांचे अत्याचार खरे होते. ते सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. तथापि नंतरच्या मारेकऱ्यांविषयी आपण मौन बाळगले, तर आपली स्मृती अर्धीच राहील. मारेकऱ्याचा धर्म पाहून खुनाचे मोजमाप करणाऱ्या इतिहासात शोएबुल्ला खान यांना जागाच उरत नाही. ज्या संपादकाने आपल्याच समाजातील अन्यायाविरुद्ध लेखणी उचलली, त्याचे ऋण फेडायचे तर आपल्या बाजूचे पानही आपणच उघडून वाचावयास हवे.