पाऊणपटीचं गणित

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठण्याला आपण थांबतो ते चहा-वडापावसाठी. इथून समुद्र दिसत नाही. पण हे गाव एकेकाळी बंदर होतं. अंबा नदी पुढे धरमतरच्या खाडीत जाते आणि भरतीचं पाणी त्याच वाटेने उलटं वर चढतं. मचवे, पडाव त्या पाण्यावर माल घेऊन आत यायचे. पुढचा प्रवास बैलांच्या पाठीवर, घाटाकडे.

समुद्रसफरी म्हटलं की आपल्याला कोलंबस आणि वास्को द गामाच आठवतात. पण इ.स.च्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत सोपारा, कल्याण आणि सेमिल्ला, म्हणजे आपलं चौल, ही बंदरं ओळीने येतात. इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघायचं आणि नैऋत्य वाऱ्यावर थेट भारत गाठायचा, हे तेव्हाच्या खलाशांना पाठ होतं. दहाव्या शतकात अल-मसूदी चौलला आला. पंधराव्या शतकात रशियातल्या त्व्हेरचा अफानासी निकितिन तिथेच उतरला, वास्को द गामाच्या कितीतरी आधी. १५८० मध्ये चौलच्या काजी अलाउद्दीनने नागोठण्याला अंबेवर दगडी पूल बांधला. बंदर आणि घाट यांच्यामधला दुवा केवढा महत्त्वाचा होता, ते त्या पुलावरून कळतं.

पण मला या सगळ्यात सर्वात भारी वाटतं ते खलाशांचं गणित. खाडीतून वर यायचं तर भरती कधी आहे हे कळायलाच हवं, नाहीतर मचवा चिखलात रुतलाच. त्यासाठी आपल्या किनाऱ्यावर एक साधा हिशोब चालत आला आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल. तृतीया? तीनाची पाऊणपट सव्वादोन. अष्टमी? सहा. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बारा. चंद्रामुळे भरती रोज सुमारे ४८ मिनिटं पुढे सरकते आणि पंधरा दिवसांत हा फरक बारा तासांचा होतो, म्हणून हे जमतं. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा, एवढं ध्यानात ठेवायचं.

मी दिवसभर कोड लिहितो. पण एका ओळीत बसणारा, सर्व्हर न लागणारा, शेकडो वर्षं चाललेला अल्गोरिदम मी अजून लिहिलेला नाही.

तुम्ही म्हणाल, आता याचा उपयोग काय? भरतीची वेळ फोनवर दिसते, माल ट्रकने येतो. मान्य. पण जुलै १९८९ मध्ये याच अंबेच्या पुराने वरचं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं होतं. आजही घाटावर धो धो पाऊस आणि खाली उधाणाची भरती एकत्र आली की नदीचं पाणी उतरायला वाट मिळत नाही, ते गावात शिरतं. पडाव थांबले, तरी समुद्र इथे यायचा थांबलेला नाही. आपण मात्र नागोठणे हे फक्त हायवेवरचं गाव समजतो, आणि भराव घालताना, घर बांधताना खाडीला विचारत नाही.

पुढच्या वेळी चहाला थांबलात, तर दोन मिनिटं काढून नदीकाठी जा. कॅलेंडरवर तिथी बघा, पाऊणपट करा, खाडी आत आहे म्हणून थोडी वाट बघा. पाणी उलटं चढताना दिसेल.