धनुष्य घडवणारे हात

सीतास्वयंवरात शिवधनुष्य कोणी मोडले, हे आपल्याकडे लहान मूलही सांगेल. धनुष्य घडवणाऱ्याची आठवण मात्र कोणी काढीत नाही. वास्तविक वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायात निरनिराळ्या व्यवसायांची जी यादी आहे, तीत बाण करणारा, धनुष्य करणारा आणि दोरी करणारा असे तीन स्वतंत्र कारागीर आहेत. त्यांपैकी धनुष्काराविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

धनुष्य ओढले की त्याचे बाहेरचे अंग ताणले जाते व आतले दाबले जाते. मधल्या गाभ्यावर फारसा भार येत नाही. एकाच लाकडाने ताण आणि दाब दोन्ही सारखेच सोसावे, ही अपेक्षा जास्तच झाली. यावर जुन्या कारागिरांनी तोड काढली. बाहेर जनावराचे स्नायुतंतू, आत शिंग, मध्ये लाकूड आणि या तिघांना एकजीव करणारा सरस. इजिप्तमध्ये १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात अशी जोडधनुष्ये निघाली. ती सुमारे ३३०० वर्षांपूर्वीची आहेत. कौटिल्यानेही ताड, बांबू, लाकूड व शिंग अशी चार प्रकारची धनुष्ये सांगितली आहेत. त्यांतले शिंगाचे ते शार्ङ्ग. मेहकरच्या शारंगधराचे नाव घेताना आपण नकळत या कारागिरीचेच नाव घेत असतो.

या धनुष्याचे बळ जोडात होते आणि दुबळेपणाही जोडातच होता. सरसाला दमट हवा मानवत नाही. हिंदुस्थानात पोलादी धनुष्येही झाली. काही तर मुठीपाशी पेच फिरवून दोन तुकडे करता येतील अशी होती. पुढे बंदुकीने धनुष्याची गरजच संपवली. कच्छमधील कमानगर धनुष्ये करीत व रंगवीत. ते नंतर भिंती रंगवू लागले. आपल्याकडे घड्याळातल्या कमानीत तेवढा शब्द उरला.

अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या पदार्थशास्त्रज्ञाने धनुष्याला प्रयोगशाळेत नेले. अतिवेगवान छायाचित्रे घेऊन व गणित मांडून त्याने चपट्या, आयताकृती छेदाच्या बाहूंचा पुरस्कार केला. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आणि कृत्रिम राळ हाताशी आली. स्नायू व शिंग यांच्या जागी काचतंतूची पट्टी बसली, सरसाच्या जागी राळ. कृती मात्र जुनीच राहिली.

आज घरी सुटे धनुष्य करणारा हौशी माणूस याच वाटेने जातो. लाकडाच्या किंवा बांबूच्या पातळ, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या पट्ट्या तो दोन काचतंतूंच्या पट्ट्यांमध्ये राळेने चिकटवतो. मग त्या लाकडी साच्यात दाबून ऊब देतो. तयार झालेले दोन बाहू मधल्या मुठीला बोल्टाने बसतात. येथे सारे काम मापाचे आहे. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो. जाडीत शेकडा एकाचा फरक पडला, तर ताठपणात सुमारे तिनाचा पडतो. एक बाहू दुसऱ्याहून ताठ झाला, तर दोन्ही सारखे वाकत नाहीत. म्हणून असा माणूस प्रत्येक पट्टीचे माप वहीत टिपून ठेवतो.

या वहीची किंमत मोठी आहे. तुर्कस्तानात सुलतान दुसरा महमूद याच्या सांगण्यावरून मुस्तफा कानी याने धनुर्विद्येवर ग्रंथ लिहिला. पुढे तेथील कारागिरी मावळली. पण लिहिलेले उरले, म्हणून पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकन पदार्थशास्त्रज्ञाला १९३४ साली तुर्की धनुष्यावर पुस्तक लिहिता आले. जे ज्ञान केवळ हातांत राहते, ते हातांबरोबर जाते. आपल्या गावातही सुतार, लोहार, वाद्ये करणारे आहेत. त्यांची मापे त्यांच्या हयातीतच कोणी लिहून घेईल काय? पुराणातले धनुष्य मोडले त्याची कथा झाली. कारागिराच्या हातचे धनुष्य मोडले, तर ते पुन्हा घडवण्याला माप लागते.