आरोग्य, समता आणि राहून गेलेली नाती : भंडारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षण

भंडारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत आरोग्य, समता आणि नाती हे तीन विषय एकाच वेळी शिरले नाहीत. आरोग्य आधी आले, तेही केवळ स्वच्छतेच्या रूपात. समता नंतर आली आणि ती पाठ्यपुस्तकापेक्षा शाळेबाहेरच्या चळवळींच्या रेट्याने आली. तर नाती, म्हणजे स्वतःचे शरीर, घरातील माणसांचे परस्परांशी वागणे, लग्न आणि संमती यांविषयीचे बोलणे, आजही अर्धेच आलेले आहे. या क्रमाला कारण आहे. नखे कापावीत, पाणी गाळून प्यावे, असे सांगणाऱ्या धड्याने गावातील कोणाचाही अधिकार उणावत नव्हता. पाण्याचा माठ सर्वांसाठी एकच असावा, असे म्हणताच मात्र तो उणावू लागला.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाल्यावर येथील सरकारी शिक्षणाची घडी बसली, आणि पुढे स्थानिक स्वराज्याच्या कायद्यांनी प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे व जिल्हा कौन्सिलांकडे सोपवल्या गेल्या. मुंबई इलाख्यातील जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला, म्हणजे देशातील शिक्षणाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या सरकारी मंडळाला, जे निवेदन दिले, त्यात खेड्यातील शाळेसाठी मोडी-बाळबोध, हिशेब आणि शेतीच्या प्राथमिक माहितीबरोबरच नीती व आरोग्य यांचेही धडे मागितले होते. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना शाळेत जागा मिळावी, ही मागणी आणि आरोग्याच्या धड्याची मागणी त्यांनी एकाच निवेदनात केली होती. पुढील अभ्यासक्रमांनी त्यातला धडा उचलला आणि जागेचा प्रश्न बराच काळ टाळला.

मध्य प्रांताला या बाबतीत स्वतःचा असा एक प्रयोग लाभला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम, म्हणजे एखाद्या हस्तोद्योगाभोवती सर्व विषय गुंफणारे मूलोद्योगी शिक्षण, आकाराला आले आणि झाकिर हुसेन समितीने त्याचा सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. त्या अभ्यासक्रमात शरीरविज्ञान व आरोग्य हे सामान्य विज्ञानाचे भाग होते, तर समाजजीवनाची ओळख सामाजिक अभ्यासात होती. त्याच सुमारास रविशंकर शुक्ल यांनी प्रांतात विद्यामंदिर योजना पुढे आणली; दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, अशी तिची कल्पना होती. योजनेच्या नावावरूनच मुस्लिम समाजातून विरोध झाला. सर्वांसाठी म्हणून काढलेल्या शाळेचे नाव ठेवताना ‘सर्व’ कोण, याचा विचार पुरेसा झाला नव्हता, असेच म्हणावे लागते. स्वातंत्र्यानंतर शाळांचा कारभार जनपद सभांकडे, म्हणजे १९४८ च्या कायद्याने प्रांतात निर्माण झालेल्या स्थानिक संस्थांकडे आला. १९५६ मध्ये जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात गेला, व १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

समतेचा धडा मात्र या कारभारी बदलांतून आला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पराभूत झाले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, शेजारच्या नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्यानंतर या भागातील बौद्ध वस्त्यांतून जी मुले शाळेत येऊ लागली, ती शिकणे हा हक्क आहे, ही जाण घरूनच घेऊन येत होती. तुकडोजी महाराजांच्या १९५५ च्या ‘ग्रामगीते’ने ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती आणि वैवाहिक जीवन यांना एकाच ग्रंथात स्वतंत्र अध्याय दिले. शाळेने वेगवेगळ्या तासिकांत वाटलेले किंवा वगळलेले विषय विदर्भातील गावकऱ्यांपुढे असे एकत्र आले. पुढे शाळेत शिजवलेले दुपारचे अन्न मिळू लागल्यावर एका पंगतीत बसून खिचडी खाणे हा समतेचा रोजचा पाठ ठरला, आणि तो कोणत्याही छापील पाठापेक्षा परिणामकारक मानावा लागेल. तरीही २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली. शाळेतील पंगत गावाच्या शिवेपर्यंत पोहोचली नव्हती, याचा याहून भीषण पुरावा जिल्ह्याच्या इतिहासात नाही.

नात्यांविषयीचे मौन जुने आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक आरोग्याची शास्त्रीय माहिती दिली, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि त्यांतील एकात त्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले. २००७ मध्ये किशोरवयीन मुलांसाठीच्या शिक्षण कार्यक्रमाला महाराष्ट्रात इतका विरोध झाला की तो थांबवावा लागला. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ मध्ये आल्यानंतर ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हे शब्द प्राथमिक वर्गात उच्चारले जाऊ लागले आणि २०२२ मध्ये शाळांतून मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमण्याचा शासननिर्णय झाला. नात्यांचे शिक्षण अशा रीतीने भीतीच्या दाराने आत आले. मुलाला धोका ओळखायला शिकवले गेले, पण आदराने वागणे आणि समोरच्याचा नकार मानणे या गोष्टींना त्या मानाने फारच थोडा वेळ मिळाला.

हे तिन्ही विषय वेगळे ठेवताच येत नाहीत, असे एक ठिकाण पूर्व विदर्भात आहे, ते म्हणजे सिकलसेल. रक्तातील तांबड्या पेशींना विळ्याचा आकार देणारा हा आनुवंशिक आजार या भागातील आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांत विशेष आढळतो. आई व वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोष अंगी असून आजारी नसतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. लग्नापूर्वी रक्त तपासा, हा सल्ला त्यातूनच येतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अभिप्रेत असल्याने शाळकरी मुले तिच्यात येतातच. त्या मुलाला अहवालाचा अर्थ सांगायचा, तर आनुवंशिकता, लग्न आणि अमुक जातीचा आजार म्हणून होणारी हेटाळणी, यांपैकी काहीही गाळून चालत नाही. घरी सुनेलाच दोष दिला जातो, तेव्हा दोन्ही पालकांकडून दोष आल्याशिवाय हा आजार होत नाही, एवढे साधे शास्त्र स्त्री-पुरुष समतेचाही पाठ ठरते. त्यासाठी नव्या विषयाची किंवा नव्या पुस्तकाची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांनी पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या तासिकेत, झाडीबोलीतील, म्हणजे येथील मराठी बोलीतील, घरगुती शब्द वापरून, हा पाठ आताच सुरू करावा.