कुशींतील कळ

पनवेलहून पेणच्या रस्त्यानें निघालें म्हणजे शिरढोण गांवापासून पुढें कर्नाळ्याचा सुळका डोळ्यांत भरूं लागतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहानें मोंगलांस द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांत हा किल्ला होता. १६७० त मराठ्यांनीं तो परत घेतला, आणि १८१८ त तो इंग्रजांच्या हातीं गेला. पेशवाईच्या अखेरीस त्याची किल्लेदारी शिरढोणच्या फडके घराण्यांतील अनंतरावांकडे होती. त्यांचे नातू वासुदेव बळवंत यांचा जन्म याच शिरढोणांत ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं झाला.

वासुदेव बळवंतांचें बंड, त्यांची धरपकड आणि १८७९ सालचा पुण्यांतील खटला या गोष्टी वाचकांस ठाऊक आहेत. सार्वजनिक काकांनीं त्यांच्या बचावाचें काम पाहिलें. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, आणि त्यांना अंदमानाऐवजीं एडनच्या तुरुंगांत धाडण्यांत आलें. तेथें १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं वयाच्या अडतिसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. कशानें झाला? कांहीं चरित्रकार क्षय सांगतात, कांहीं उपोषण सांगतात. एवढ्या प्रसिद्ध पुरुषाच्या अखेरच्या दुखण्याबद्दल दोन मतें राहावींत, हें आम्हांस विचार करण्यासारखें वाटतें. शरीर झिजतांना दिसतें, पण त्याचें कारण दिसत नाहीं. तें शोधावें लागतें. त्या शोधाचा इतिहास मोठा आहे, आणि तो सर्वांत स्पष्ट दिसतो तो छातीच्या दुखण्यांत.

श्वास घेतांना कुशींत चमक निघणें हें दुखणें घरोघर माहीत आहे. आपल्याकडे त्यास ‘उसण भरली’ म्हणतात. मग पायाळू माणसास बोलावून त्याचा पाय दुखऱ्या जागीं लावावयाचा, ओव्याचा शेक द्यावयाचा, आणि ‘वायु धरला असेल’ म्हणून रोग्यास निजवावयाचें. पुष्कळदां दोन दिवसांत कळ जातेही. परंतु ती आठवड्यांमागून आठवडे राहिली म्हणजे रोग्याची खरी परीक्षा सुरू होते. बाहेरून सूज नाहीं, जखम नाहीं. आणि प्रत्येक श्वासाला सुरी टोंचल्यासारखें होत असतां तो श्वास टाळतांही येत नाहीं.

आपल्या वैद्यकानें ही कळ फार पूर्वीं ओळखली होती. पार्श्वशूल हें नांव जुनेंच आहे. चरकसंहितेंत राजयक्ष्म्याचीं जीं तीन प्रमुख लक्षणें दिलीं आहेत, त्यांत खांदे व कुशी यांचा संताप, हातापायांची आग आणि सर्वांगीं ज्वर यांचा समावेश आहे. रोग ओळखण्याचीं पांच साधनेंही ठरलेलीं होतीं : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. पैकीं उपशयाचा विचार मोठा चतुर आहे. कोणत्या उपचारानें बरें वाटतें आणि कशानें वाढतें, यावरून रोगाचा अंदाज बांधावयाचा. माधवाच्या ग्रंथाचें मूळ नांवच रोगविनिश्चय असें आहे. उपचारापूर्वीं निश्चय, ही शिस्त आपणांस परकी नव्हती. उणीव एवढीच होती कीं, बरगड्यांच्या आंत डोकावण्याचें साधन कोणाजवळच नव्हतें.

तें साधन युरोपांतही सहजासहजीं सांपडलें नाहीं. ऑस्ट्रियांतील डॉक्टर औएनब्रुगर हा खानावळवाल्याचा मुलगा. पिंपावर बोटें आपटून आंत मद्य कोठवर आहे हें ओळखण्याची युक्ति त्यानें लहानपणीं पाहिलेली. तीच त्यानें रोग्याच्या छातीवर चालविली आणि १७६१ त त्यावर लहानसा ग्रंथ लिहिला. जवळजवळ अर्धें शतक त्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. पुढें नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिसार यानें १८०८ त त्याचें फ्रेंच भाषांतर केलें तेव्हां त्याची किंमत कळली. १८१६ त पॅरिसमध्यें लेनेक यानें कागदाची गुंडाळी करून ती रोग्याच्या छातीस लावली, आणि त्यांतून स्टेथोस्कोप जन्मास आला. ज्यानें जगाला छाती ऐकण्यास शिकविलें, त्या लेनेकच्या छातींतील क्षय त्याच्याच नळीनें त्याच्या पुतण्यानें ओळखला. १८२६ त लेनेक वारला.

या कानानें ऐकण्याच्या विद्येनें एक मोठें कोडें उलगडण्यास मदत केली. खुद्द फुप्फुसाला वेदनेची जाणीव नाहीं. बरगड्यांच्या आंतून लागलेलें जें पातळ आवरण, त्याला मात्र ती तीव्र आहे. तें सुजलें म्हणजे श्वासागणिक दोन थर एकमेकांवर घासतात, कोऱ्या वहाणेसारखी करकर ऐकूं येते, आणि कळ उठते. पुढें त्या थरांमध्यें पाणी सांचलें कीं घासणें थांबतें व कळ कमी होते. घरचीं माणसें हायसें म्हणतात, आणि दुखणें त्या वेळीं वाढलेलें असतें! कळ गेली म्हणजे रोग गेला, ही समजूत किती फसवी आहे हें यावरून दिसेल.

२४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉखनें बर्लिन येथें क्षयाचा जंतु सांपडल्याचें जाहीर केलें. वासुदेव बळवंतांच्या मृत्यूस तेव्हां अकरा महिनेही उरले नव्हते. परंतु नांव कळणें म्हणजे औषध सांपडणें नव्हे. कल्याणास जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ त फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानेंच त्यांना नेलें. तुरुंगांतल्या कैद्याला तर नाहींच, पण पदवी घेतलेल्या डॉक्टरलाही त्या काळीं इलाज नव्हता. १८९५ त राँटगेनच्या किरणांनीं छातीचें अंतरंग दाखविलें. पहिलें खरें औषध, स्ट्रेप्टोमायसिन, त्यासाठीं मात्र १९४३ साल उजाडावें लागलें. आज क्षय सहा महिन्यांच्या नियमित औषधानें बहुधा पूर्ण बरा होतो. आवरणांत पाणी होण्याचें तो आपल्या देशांत अजूनही मोठें कारण आहे, म्हणून तपासणी टाळणें शहाणपणाचें नाहीं.

तथापि प्रत्येक कळ क्षयाची नसते. न्यूमोनिया असेल, आवरणांत हवा शिरली असेल, फुप्फुसाच्या रक्तवाहिनींत गुठळी अडकली असेल, हृदयाच्या आवरणास सूज असेल, किंवा बरगड्या उरोस्थीस मिळतात तेथील कूर्चाच नुसती दुखत असेल. कळ एकाएकीं उठून धाप लागली, घाम सुटला, थुंकींत रक्त दिसलें किंवा एक पाय सुजला, तर शेकाची वाट न पाहतां इस्पितळ गांठावें. आणि कधीं कधीं रक्त, फोटो, हृदयाचा आलेख सारें निर्दोष येतें, तरी कळ राहतेच.

याच ठिकाणीं रोग्यावर दुहेरी संकट येतें. ‘कागदावर कांहीं नाहीं’ याचा अर्थ घरांत ‘तुला कांहीं नाहीं’ असा होतो. आणि रोगी घरांतील बाई असली तर ‘मनाचे खेळ’ हा निकाल लागण्यास वेळ लागत नाहीं. येथें वरील इतिहास आठवावा असें आम्हांस वाटतें. १८१६ पूर्वीं ज्याची करकर ऐकण्यास नळी नव्हती, १८८२ पूर्वीं ज्याचा जंतु दिसला नव्हता, त्या रोग्याचें दुखणें त्या काळींही खरेंच होतें. उणें होतें तें साधनांत. आजचीं साधनें पुष्कळ झालीं, तरी तीं संपलीं असें कोणीं म्हणावें? तपासण्यांनीं मोठीं संकटें वगळलीं गेलीं म्हणजे मनाची निम्मी भीति जाते, हा लाभ थोडा नव्हे. उरलेल्या निम्म्यासाठीं कळ केव्हां उठते, कोणत्या कुशीवर वाढते, कशानें उतरते हें रोग्यानें लिहून ठेवावें आणि डॉक्टरांनीं तें वाचावें. उपशय म्हणून आपल्या जुन्या वैद्यांनीं सांगितलेलें तें हेंच होय. आणि घरच्यांनीं, कळीला नांव मिळेपर्यंत, ती आहे एवढें तरी मान्य करावें.