लेरडॉर्फ, रॅसमस

(२२ नोव्हेंबर १९६८ – ). पीएचपी या संगणकभाषेचे जनक. जन्म ग्रीनलंडमधील डिस्को बेटावर. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातून ते १९९३ मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. इंटरनेटवर टाकलेला आपला बायोडेटा किती जण पाहतात हे कळावे म्हणून त्यांनी १९९४ मध्ये सी भाषेत काही छोट्या आज्ञावल्या लिहिल्या. त्यांतूनच पीएचपी घडली. तीत एचटीएमएलच्या मजकुरातच आज्ञा लिहिता येतात. सर्व्हर त्या पार पाडतो आणि ब्राउझरकडे फक्त तयार पान जाते. त्यामुळे नवशिक्यालाही थोडक्या ओळींत वेबपानावरचा अर्ज चालवता येऊ लागला. जून १९९५ मध्ये त्यांनी ही साधने मूळ संहितेसह सर्वांना खुली केली. पुढे झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांनी भाषेचा गाभा नव्याने लिहिला. ती तिसरी आवृत्ती १९९८ मध्ये आली. आपली निर्मिती इतरांच्या हाती इतक्या मोकळेपणाने देणे, हे लेरडॉर्फ यांच्या कारकिर्दीतील खरे मोठेपण होय. विकिपीडिया आणि वर्डप्रेस याच भाषेवर उभे आहेत. लेरडॉर्फ स्वतः मात्र नोकरीच करत राहिले : २००२ ते २००९ ते याहूमध्ये होते आणि २०१२ मध्ये एट्सी या हस्तकला-वस्तूंच्या ऑनलाइन बाजारपेठेत रुजू झाले.